पस्तीस वर्षे उशिरा

गोल्फ हा खेळ मी कधी खेळलेलो नाही. पुण्यात येरवड्याच्या बाजूने बसने जाता-येता कुंपणापलीकडची हिरवळ दिसते, पांढऱ्या टोपीतला एखादा गृहस्थ काठी उगारून उभा दिसतो, आणि त्याने फटका मारायच्या आत बस पुढे निघून जाते. माझा गोल्फशी संबंध एवढाच. पण भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला हा खेळ टाळता येत नाही. आमच्या शास्त्रातला एक मोठा माणूस या खेळाने पुरता झपाटलेला होता. स्वतःचा फटका सुधारावा म्हणून तो आयुष्यभर धडपडला, आणि ती धडपड शेवटी प्रयोगशाळेपर्यंत जाऊन पोहोचली. आज त्यांच्याविषयी बोलायचे आहे.

तसे पाहिले तर हौशी गोल्फ खेळाडूचे हे दुखणे फार जुने. १६८७ सालच्या जानेवारीत एडिंबरा शहरात टॉमस किंकेड नावाचा, वैद्यकाचा अभ्यास करणारा एक तरुण रोजनिशी लिहीत होता. जेवण झाल्यावर तो गोल्फ खेळायला जाई आणि घरी येऊन आपले कुठे चुकले ते लिहून ठेवी. पट्टा फिरवताना उभे राहतात तसे उभे राहावे, गुडघे जरासे वाकवावेत, चेंडू छातीसमोर पण किंचित डाव्या पायाकडे असावा, आणि सुरुवातीला कमी जोर लावून नेमका फटका बसवायची सवय करावी, जोर मागाहून वाढवावा, अशी त्याची टिपणे आहेत. तीनशेहून अधिक वर्षे झाली, पण आजही नवशिक्याला शिकवणारा यातले बरेचसे तसेच सांगेल. पुढे त्याने हे नियम पद्यातही बसवले. फटका चुकला की माणूस काय काय करतो!

किंकेडने विचारले ते एवढेच, की मी उभा कसा राहू आणि काठी कशी फिरवू? काठी लागल्यानंतर चेंडूचे हवेत काय होते, हा प्रश्न त्याने केला नाही. तो करणारा माणूस यायला आणखी दोनशे वर्षे जावी लागली.

त्या माणसाचे नाव पीटर गथ्री टेट. जन्म १८३१चा, स्कॉटलंडमधल्या डलकीथचा. विद्युत्‌चुंबकीय सिद्धान्ताचे जनक मॅक्सवेल हे त्यांचे शाळासोबती आणि जन्मभराचे मित्र. १८५२ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत टेट पहिले आले. १८६० पासून थेट १९०१ पर्यंत ते एडिंबरा विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. लॉर्ड केल्विन यांच्याबरोबर त्यांनी १८६७ साली लिहिलेला ग्रंथ कित्येक पिढ्यांनी अभ्यासला. दोरीच्या गाठींचे गणिती वर्गीकरण करणाऱ्या पहिल्या लोकांत त्यांची गणना होते.

आणि सुट्टी लागली की हे गृहस्थ सहकुटुंब सेंट अँड्र्यूजला. समुद्रकाठचे ते गाव म्हणजे गोल्फचे पंढरपूर. तरुण वयात टेट दिवसाला पाच-पाच फेऱ्या खेळत. एक फेरी म्हणजे अठरा होल आणि तीन-चार मैलांची पायपीट, हे लक्षात घ्या. एवढ्यानेही समाधान होईना, म्हणून चेंडूंना फॉस्फरस चोपडून त्यांनी अंधारात खेळायचाही बेत केला. पाहुणे म्हणून डार्विनचे खंदे समर्थक हक्स्ली आले होते आणि मेव्हणे क्रम ब्राउनही खेळत होते. हे क्रम ब्राउन रसायनशास्त्राचे प्राध्यापक. त्यांच्याच हातमोज्याने पेट घेतला! ही हकीकत टेट यांच्या १९११ सालच्या चरित्रात आहे. रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाला फॉस्फरसने चटका द्यावा, याची आमच्यासारख्या भौतिकशास्त्रवाल्यांना गंमत वाटल्याशिवाय राहत नाही.

त्या काळचा चेंडू गुट्टा-पर्चाचा. हा मलायाकडच्या एका झाडाचा चीक. गरम पाण्यात मऊ होतो, गार झाला की टणक. १८४८च्या सुमारास हे चेंडू आले. त्याआधी चामड्याच्या पिशवीत टोपीभर पिसे ठासून चेंडू करत, आणि तो इतका महाग पडे की गरिबाने त्या वाटेला जाऊच नये. नवा चेंडू स्वस्त होता आणि चांगला गुळगुळीत होता. पण खेळणाऱ्यांच्या लक्षात एक विचित्र गोष्ट आली. नवा कोरा चेंडू हवेत धड उडत नाही, थोडे फटके खाऊन ओरखडे पडलेला चेंडू मात्र झकास जातो. मग कारागीर नव्या चेंडूंवर हातोडीने मुद्दाम खुणा पाडू लागले. का, ते कोणालाच सांगता येत नव्हते.

टेट तरुण होते तेव्हा जाणत्या मंडळींचा एक ठाम उपदेश होता : चेंडूला फिरकी मिळता कामा नये, फिरकी म्हणजे नुकसान. टेट यांनी तो प्रामाणिकपणे पाळला. फिरकी न देता चेंडू स्वच्छ कसा टोलावा याचा त्यांनी वर्षानुवर्षे सराव केला. इथे एक सांगायला हवे. टेट खेळाडू म्हणून बरे होते, पण असामान्य नव्हते. मेहनत मात्र असामान्य होती.

१८८७ साली त्यांनी ‘स्कॉट्समन’ या वृत्तपत्रात गोल्फवर एक लेख लिहिला. चेंडू उजवीकडे किंवा डावीकडे वळत जातो तो वाऱ्यामुळे नव्हे, तर फिरकीमुळे, असे त्यात त्यांनी मांडले. याला आधार खुद्द न्यूटनचा होता. १६७२ साली प्रकाशाविषयीच्या एका पत्रात न्यूटनने जाता जाता तिरक्या रॅकेटने मारलेल्या टेनिसच्या चेंडूचा दाखला दिला होता. म्हणजे चेंडू आडवा का वळतो ते टेट यांना कळले होते. पण दूर का जातो?

मग त्यांनी घड्याळ हातात घेतले. चांगला फटका बसला की चेंडू सहाएक सेकंद हवेत राहतो, असे दिसले. गणित मात्र जुळेना. फिरकी नसलेला चेंडू, हवेचा विरोध आणि गुरुत्वाकर्षण एवढ्याच गोष्टी धरल्या, तर तेवढे अंतर जाणारा चेंडू इतका वेळ वर टिकूच शकत नव्हता. शिवाय चांगल्या फटक्याचा मार्ग सुरुवातीला वरच्या बाजूला वळल्यासारखा दिसतो. फेकलेला दगड असा कधी जात नाही. म्हणजे त्या चेंडूला हवेत कोणीतरी खालून उचलून धरत होते.

उत्तर त्यांच्या १८८७च्या लेखातच दडलेले होते. रेडिओवर आकृती काढता येत नाही, म्हणून तुम्हीच डोळ्यांपुढे आणा. गोल्फच्या काठीचे तोंड थोडे मागे कललेले असते. ते चेंडूवर आदळले की चेंडू पुढे सुटतो आणि त्याच वेळी उलटा फिरू लागतो. त्याची वरची बाजू मागे, मारणाऱ्याकडे, आणि खालची बाजू पुढे. समोरून येणाऱ्या हवेला वरची बाजू साथ देते, खालची अडवते. परिणामी चेंडूमागची हवा खाली ढकलली जाते आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून चेंडू वर उचलला जातो. क्रिकेटमध्ये टॉपस्पिन दिलेला चेंडू झपकन खाली येतो, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही माहीत असते. हा त्याचाच उलटा प्रकार. म्हणजे आडवी फिरकी चेंडूला बाजूला नेते, तर उलटी फिरकी त्याला हवेत तोलून धरते.

नुसते कागदावर मांडून टेट थांबणारे नव्हते. त्यांनी चेंडूला एक लांब, पीळ नसलेली फीत जोडली, तिचे दुसरे टोक पक्के बांधले आणि तो चेंडू जवळच ठेवलेल्या ओल्या मातीच्या गोळ्यात मारायला लावला. मग फितीला पडलेले पीळ मोजले. चेंडू किती फिरला, त्याचा हिशेब हातात! कॅमेऱ्यावाचून, कसल्याही यंत्रावाचून केलेला असा प्रयोग पाहिला की मला आमच्या महागड्या प्रयोगशाळांची थोडी लाज वाटते. मातीचा मोठा लंबक टांगून त्यावर चेंडू मारायचा आणि लंबक किती मागे गेला त्यावरून वेग काढायचा, असाही प्रयोग त्यांनी केला. आघात किती वेळ टिकतो, याचाही त्यांनी छडा लावायचा प्रयत्न केला. आज आपल्याला माहीत आहे की काठी आणि चेंडू एकमेकांना चिकटून असतात ते सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतकाच वेळ. तेवढ्यात काठी जेमतेम इंचभर सरकते. फटका मारल्यावर काठी डौलात खांद्यावर नेणारे आणि चेंडूला जणू हाताने दिशा देणारे खेळाडू आपण पाहतो. चेंडू तोवर केव्हाच निघून गेलेला असतो.

या प्रयोगांत काठी चालवायला घरचाच माणूस होता. टेट यांचा तिसरा मुलगा फ्रेडरिक, सगळ्यांचा फ्रेडी, जन्म १८७० चा. लहानपणापासून सेंट अँड्र्यूजच्या वाळूत वाढलेला. वडिलांना जन्मभराच्या कष्टाने जे साधले नाही ते या पोराच्या मनगटात उपजत होते. १८९३ च्या जानेवारीत, जमीन गोठलेली असताना, त्याने मारलेला एक चेंडू ३४१ यार्ड गेला. त्यातले सुमारे २५० यार्ड हवेतून.

यावरून एक गोष्ट पसरली. अमुक यार्डांच्या पुढे चेंडू जाणे अशक्य, असे प्राध्यापकांनी म्हणे गणिताने सिद्ध केले आणि मुलाने दुसऱ्याच दिवशी मैदानात ते खोटे पाडले. गोष्ट इतकी खुमासदार आहे की अजूनही सांगितली जाते. विद्वानाची फजिती कोणाला आवडत नाही? पण खरा प्रकार तसा नव्हता. फिरकीवाचून एवढे अंतर शक्य नाही हे टेट यांचे म्हणणे, आणि ते बरोबरच होते. फ्रेडीचा चेंडू तेवढा गेला याचाच अर्थ त्याला उलटी फिरकी होती.

१८९६ साली टेट यांनी लांब फटक्यांवर एक लेख लिहिला. फिरकी वाईट असते असे आपल्याला शिकवले गेले, आपण ती टाळायचा कसून सराव केला आणि खरे कारण कळले तेव्हा किमान पस्तीस वर्षे उशीर झाला होता, अशा आशयाचा त्यात कबुलीजबाब आहे. पासष्टीला आलेला माणूस. ज्या गोष्टीने चेंडू दूर जातो, नेमकी तीच आयुष्यभर घासून घासून काढून टाकली! मला त्यांच्या ग्रंथांपेक्षा हे एक वाक्य जास्त जवळचे वाटते.

त्याच वर्षी सँडविच इथे फ्रेडीने ब्रिटिश हौशी अजिंक्यपद मिळवले. १८९८ मध्ये हॉयलेकला पुन्हा. व्यावसायिक खेळाडूही उतरतात त्या खुल्या स्पर्धेत तो १८९६ आणि १८९७ अशी दोन्ही वर्षे तिसरा आला. पेशाने तो ब्लॅक वॉच या पलटणीत लेफ्टनंट होता. १८९९ साली प्रेस्टविकला हौशी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्याची गाठ जॉन बॉल या जुन्या जाणत्या खेळाडूशी पडली. पस्तिसाव्या होलवर फ्रेडीचा चेंडू पावसाने भरलेल्या वाळूच्या खड्ड्यात जाऊन पडला. चेंडू पाण्यावर तरंगत होता. फ्रेडी बुटांसकट पाण्यात उतरला आणि तिथून त्याने चेंडू हिरवळीवर काढला. तो फटका पाहिलेल्यांनी त्याचे वर्णन कित्येक वर्षे केले. सामना मात्र सदतिसाव्या होलवर बॉलने जिंकला.

त्याच शरद ऋतूत बोअर युद्ध पेटले. ब्लॅक वॉच दक्षिण आफ्रिकेला निघाली. डिसेंबरात मॅगर्सफाँटेनच्या लढाईत ती पलटण कापली गेली, फ्रेडीच्या पायाला गोळी लागली. तो बरा झाला आणि पुन्हा आघाडीवर गेला. ७ फेब्रुवारी १९०० रोजी कूडूसबर्ग इथे तो मारला गेला. वय तीस.

लोकांनी त्याच्यासाठी शोक केला, त्याच्या मित्राने वर्षाच्या आत त्याचे चरित्र लिहून काढले. वडील मात्र यातून सावरले नाहीत. पुढे सर्वांनी हातोडीच्या खुणा सोडून चेंडूला खळ्या पाडायला सुरुवात केली. विल्यम टेलर नावाच्या इंग्रज कारागिराने १९०५ मध्ये त्याचे पेटंट घेतले. या खळ्यांमुळे चेंडूला लगटलेली हवा जास्त मागेपर्यंत चिकटून राहते, चेंडूला मागे ओढणारा जोर कमी होतो. खळ्या नसलेला चेंडू जेमतेम निम्मे अंतर जातो. ओरखडलेला चेंडू चांगला का उडे, त्याचे हे उत्तर. टेट यांना ते पाहायला मिळाले नाही.

चाळीस वर्षांहून अधिक काळ सांभाळलेली प्राध्यापकाची खुर्ची त्यांनी १९०१ साली प्रकृतीमुळे सोडली. शेवटच्या दिवसांत ते एडिंबराजवळ वॉर्डी इथे एका स्नेह्याच्या घरी राहत होते. बागेत बसवत असत. २ जुलैला जरा बरे वाटले, तेव्हा त्यांनी कागद मागून घेतला आणि आपल्या आवडत्या क्वाटर्नियन गणितातली काही समीकरणे लिहिली. ४ जुलैला ते गेले.