वालचंदांची डीसोटो

बंगळूरच्या इंदिरानगरातील ज्या वसाहतीस अद्यापि ‘एच. ए. एल. दुसरा टप्पा’ म्हणतात, तिच्या नावातला विमान-कारखाना सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर दरबाराच्या साहाय्याने १९४० च्या डिसेंबरात स्थापिला. मोटारींचा कारखानाही याच संस्थानात काढावा, हा म्हैसूरचे माजी दिवाण विश्वेश्वरय्या यांचा व वालचंदांचा मनोदय मात्र हिंदुस्थान सरकारच्या मंजुरीअभावी तडीस गेला नाही, आणि म्हणूनच अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार करून त्यांनी १९४४ साली मुंबईत प्रीमियर काढली.

प्रीमियरने कुर्ल्यास जोडलेल्या डॉज किंग्जवे, प्लिमथ सॅव्हॉय आणि डीसोटो डिप्लोमॅट या गाड्या वस्तुतः एकाच घडणीच्या. भेद मुख्यतः बिल्ल्यांचा आणि दर्शनी जाळीचा, आणि डीसोटोची जाळी म्हणजे क्रोमच्या उभ्या, ठसठशीत दातांची रांग. क्रायस्लरने १९६० च्या नोव्हेंबरात ते नावच बंद केले. पुढे इकडच्या कित्येक मालकांनी अशा गाड्यांतले सहा सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन उतरवून डिझेल बसविले, हे मूळ स्वरूपाच्या कैवाऱ्यांस खटकते. मला मात्र गाडी चालती ठेवणाऱ्या त्या मालकांचा मनापासून आदर वाटतो. इंजिन पुन्हा बदलता येईल, पण ती जाळी कोणी भंगारात घालू नये, कारण या तिळ्यांत डीसोटो ओळखायची ती तिच्यावरूनच.