किंग काँगचे तीन अवतार

सन १९३३ च्या मार्च महिन्याच्या २ तारखेस न्यूयॉर्क शहरांत एका बोलपटाचा पहिला खेळ झाला. अमेरिकेंत मंदीचा कहर चालू होता. दोन दिवसांनीं नवे अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं अधिकारग्रहण केलें, आणि ६ तारखेपासून देशांतल्या सर्व बँका कांहीं दिवस बंद राहिल्या. अशा दिवसांतहि लोक पदरचे पैसे मोडून नाट्यगृहाकडे लोटले. त्यांना पाहावयाचा होता एक राक्षसी वानर, किंग काँग.

कथा श्रोत्यांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. एक चित्रपट-निर्माता ॲन डॅरो नांवाच्या निर्धन तरुणीस घेऊन एका अज्ञात बेटावर जातो. तेथील रहिवासी तिला काँगला अर्पण करतात. काँग मात्र तिला जिवापाड जपतो. शेवटीं तो पकडला जाऊन न्यूयॉर्कला येतो, साखळदंड तोडतो, आणि एंपायर स्टेट या १०२ मजली इमारतीच्या माथ्यावर विमानांच्या गोळ्यांनीं मरतो. गोष्ट एवढीच. मग ती पुढें दोनदां पुन्हां कां सांगितली गेली, आणि खोट्या जनावरासाठीं खऱ्या माणसांचे डोळे कां पाणावले, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

पडद्यावर गगनचुंबी दिसणारा पहिला काँग होता तरी केवढा? सुमारें १८ इंचांचा. विलिस ओब्रायन या कारागिराच्या देखरेखीखालीं मार्सेल डेल्गाडो यानें ती बाहुली घडविली. आंत धातूचा सांधेदार सांगाडा, त्यावर रबर व कापूस यांचे स्नायू, आणि वर सशाची केसाळ कातडी. बाहुली रेसभर हलवावयाची आणि एक चित्र घ्यावयाचें. पुन्हां रेसभर हलवावयाची, पुन्हां चित्र. बोलपट सेकंदास २४ चित्रांच्या वेगानें चालतो. म्हणजे काँगला एक मिनिटभर छाती बडवावयास लावावयाचें तर १,४४० चित्रें एकेक करून घ्यावयाचीं! या युक्तीचें मूळ तत्त्व महाराष्ट्रास नवें नव्हतें. दादासाहेब फाळके यांनीं ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्याच्याहि आधीं वाटाण्याच्या रोपाची वाढ अशीच एकेक चित्र घेऊन पडद्यावर दाखविली होती.

बाहुली हलवितांना कारागिरांच्या बोटांनीं तिची लव विस्कटे, त्यामुळें पडद्यावर ती सारखी थरथरतांना दिसते. खरें म्हणजे हा दोष. परंतु पाहणारांस तो रागानें अंगावरचे केंस उभे राहिल्याचा भास वाटला. अशा गोष्टींनींच त्या १८ इंचांच्या बाहुलींत प्राण आला. डायनोसॉराला मारल्यावर काँग त्याचा मोडलेला जबडा हातानें उघडून-मिटून पाहतो, एखादें मूल मोडक्या खेळण्याशीं चाळा करतें तसा. मनोऱ्यावर गोळी लागते तेव्हां तो छातीला हात लावून रक्ताकडे बघतो. ही वेदना कोठून आली हें त्याला उमगत नाहीं. मग ॲनला उचलून एकदां न्याहाळतो आणि हलकेच खालीं ठेवतो. नायिकेचें काम करणारी फे रे ही नटी या चित्रपटांत जवळजवळ शेवटपर्यंत किंचाळतेच. काँगविषयीं दयेचा एक शब्द कथेनें तिच्या तोंडीं घातलेला नाहीं. प्रेक्षकांची दया मिळविली ती ओब्रायनच्या बोटांनीं.

१९७६ चा दुसरा काँग या कसोटीस पुरता उतरला नाहीं. निर्माता दिनो दे लॉरेंटीस यानें कार्लो रांबाल्डी याजकडून ४० फूट उंचीचा यंत्राचा काँग बनवून घेतला. त्याचा गाजावाजा फार झाला. पण तें धूड धड हालेचना, आणि पडद्यावर कांहीं क्षणांपुरतेंच दिसलें. उरलेलें बहुतेक काम रिक बेकर या तरुणानें वानराचें सोंग घेऊन केलें. मुखवट्यावरचे भाव तारा ओढून हालवीत. एक बदल मात्र महत्त्वाचा होता. जेसिका लँगच्या नायिकेला काँगची कणव येते, आणि अखेरीस त्याच्या हृदयाचे मंदावत जाणारे ठोके ऐकूं येतात. २००१ च्या हल्ल्यांत नष्ट झालेले वर्ल्ड ट्रेड सेंटरचे जुळे मनोरे त्या शेवटास पार्श्वभूमि म्हणून होते, त्यामुळें आज तीं दृश्यें निराळ्याच कारणानें मनास लागतात.

तिसरा अवतार २००५ सालचा. न्यूझीलंडचा पीटर जॅक्सन नऊ वर्षांचा असतांना टेलिव्हिजनवर जुना काँग पाहून रडला होता. पुढें त्यानें केलेला काँग संगणकानें रेखिलेला आहे. तथापि त्याच्या मुळाशीं अँडी सर्किस हा नट होता. त्यानें रवांडांत जाऊन गोरिलांचें निरीक्षण केलें, चेहऱ्यावर बारीक खुणा चिकटवून अभिनय केला, आणि त्या स्नायूंची हालचाल संगणकानें काँगच्या मुखावर उतरविली. नायिका नाओमी वॉट्स हिच्यासमोर तो चित्रणाच्या वेळीं स्वतः हजर राही; तिला शून्याकडे पाहून अश्रु ढाळावे लागले नाहींत.

येथें ॲन नुसती किंचाळत नाहीं. ती रंगभूमीवरच्या विनोदी कसरती करून काँगला रिझविते. मावळतीकडे पाहतांना छातीवर हात ठेवून ‘सुंदर’ असें त्याला खुणेनें सांगते. आणि मनोऱ्यावर, मरणाच्या दारीं, सूर्य उगवतांना तीच खूण काँग करतो. तत्पूर्वीं गोठलेल्या तळ्यावर दोघे घसरत खेळतात. एवढा प्रचंड देह आणि एवढें हलकें हसूं! सत्तर वर्षांच्या यंत्रविद्येचें चीज त्या एका प्रसंगांत झालें आहे.

परंतु मूळ चित्रपट १०० मिनिटांचा, जॅक्सनचा १८७ मिनिटांचा. डायनोसॉरांची पळापळ व दरींतील महाकाय किडे सरतां सरत नाहींत, आणि करुणेचा धागा तेथें हातांतून सुटतो. दरींतील प्रसंग मूळ चित्रपटासाठींहि घेतलेला होता. कथेची गति अडते म्हणून मेरियन कूपर या दिग्दर्शकानेंच तो कापला. जॅक्सननें भक्तिभावानें तो परत आणला. येथें कूपरची कात्रीच अधिक शहाणी होती.

फे रे ८ ऑगस्ट २००४ रोजीं निवर्तली, तेव्हां एंपायर स्टेट इमारतीचे दिवे १५ मिनिटें मंद करण्यांत आले. १९३३ च्या चित्रपटांत काँगला अखेरची गोळी घालणाऱ्या विमानांत कूपर आणि त्याचा सहदिग्दर्शक शोडसॅक हे स्वतःच बसले होते. २००५ च्या चित्रपटांत तशाच एका विमानांत बंदुकीवर जॅक्सन आहे, आणि विमान चालवितो रिक बेकर, १९७६ सालीं काँगचें कातडें पांघरणारा.