जुन्या विंडोजमध्ये अडकलेली मराठी

मायक्रोसॉफ्टने ११ जुलै २००६ रोजी विंडोज ९८चा सपोर्ट थांबवला. त्यानंतरही महाराष्ट्रातल्या अनेक डीटीपी सेंटरांत, छापखान्यांत आणि कार्यालयांत एखादा जुना संगणक विंडोज ९८वरच चालू राहिला. नवी यंत्रे घेऊनही तो मोडीत निघत नव्हता, कारण आधीच्या वर्षांतला सगळा मराठी मजकूर फक्त त्याच्यावर नीट दिसत होता.

हा पेच समजायला डॉसच्या काळापासून सुरुवात करावी लागते. आयआयटी कानपूरमध्ये जन्मलेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञान पुढे पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने वाढवले. संगणकात जिस्ट कार्ड बसवले, की वर्डस्टार किंवा डीबेससारख्या इंग्रजी प्रोग्रॅममध्येही देवनागरी लिहिता येई. त्यामागे इस्की ही संकेतप्रणाली होती. १९९१ साली ती भारतीय मानक झाली. तिच्यात ‘क’ म्हणजे ‘क’च साठवला जाई, त्यामुळे शोध घेणे, अकारविल्हे लावणे शक्य होते.

विंडोज आली आणि घडी विस्कटली. विंडोज ९५ आणि ९८ला देवनागरीची जोडणी ठाऊक नव्हती. मग श्री-लिपी, आकृती, आयएसएम अशा पॅकेजांनी वेगळी वाट काढली. इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवले: अर्धा स, काना, वेलांटी, रफार. पानावर मजकूर सुबक दिसे. संगणकाच्या लेखी मात्र ती इंग्रजी चिन्हांची रांग असे. ‘किल्ला’ लिहिताना पहिली वेलांटी आधी आणि ‘क’ नंतर साठवला जाई. तोच शब्द दुसऱ्या कंपनीच्या फाँटमध्ये वेगळ्याच संकेतांनी लिहिलेला असे. फाँट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली, की पडद्यावर अर्थहीन रोमन अक्षरे उमटत.

याच फाँटांवर मराठी छपाईचा एक मोठा काळ उभा राहिला. पुस्तके, दिवाळी अंक, लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रके पेजमेकर या पानजुळणीच्या प्रोग्रॅममध्ये जुळवली गेली.

फेब्रुवारी २०००मध्ये आलेल्या विंडोज २०००ने खरा रस्ता उघडला. तिच्यात युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सर्व संगणकांवर एकच संकेत देणाऱ्या प्रणालीतल्या देवनागरीची सोय आणि ‘मंगल’ हा फाँट होता. पाठोपाठ २००१ साली एक्सपी आली, पण तिच्यात ही सोय आपोआप चालू नसे. कंट्रोल पॅनेलच्या भाषाविषयक सेटिंगमध्ये जाऊन एका चौकटीत खूण करायची, मूळ सीडी घालायची आणि संगणक पुन्हा सुरू करायचा. ज्याला ही चौकट ठाऊक नव्हती, त्याच्या लेखी एक्सपीवर मराठी नीट चालतच नव्हती. व्हिस्टापासून ही अडचण संपली.

तरीही छापखाने हलले नाहीत, आणि त्यांना दोष देता येत नाही. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती, ७.०, २००१ सालची. तिला युनिकोड मराठी जमत नव्हती. तिच्या जागी आलेल्या इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची सोय २०१२च्या सीएस६ आवृत्तीत झाली. शिवाय काही मराठी पॅकेजांचे परवान्याचे कुलूप (डोंगल) प्रिंटरच्या पोर्टला लागत असे, आणि नव्या संगणकांतून ते पोर्टच गायब होत गेले. युनिकोडही एका झटक्यात पूर्ण झाला नव्हता: ‘ॲ’ला स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ साली. तोवर लोक ‘अ’वर चंद्र देऊन भागवत, म्हणून आजही ‘ॲप’ शोधताना ‘अॅप’ हातून निसटू शकते.

एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ला संपला, विंडोज ७चा १४ जानेवारी २०२०ला आणि विंडोज १०चा १४ ऑक्टोबर २०२५ला. दर वेळी कार्यालयांपुढे तेच पर्याय आले: जुने यंत्र नेटवर्कपासून तोडून जपायचे, जुनी प्रणाली नव्या संगणकात व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवायची, किंवा मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणायचा. पहिले दोन पर्याय सोपे आहेत, पण त्यांत मजकूर जिथल्या तिथे बंदिस्त राहतो. तिसऱ्यात रूपांतरानंतर रफार आणि जोडाक्षरे एकेक तपासत बसावे लागते. हे किचकट काम ज्या संस्थांनी केले, त्यांचे जुने अंक आज मोबाइलवर वाचता येतात आणि त्यांतला हवा तो शब्द शोधता येतो. बाकीच्यांनी ते आताच, मूळ फाँट आणि तो हाताळणारे ऑपरेटर हाताशी आहेत तोवर, उरकायला हवे.