फुस्तातचे कागद आणि आपली हिरवी पेटी

आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीच्या दाराशी पत्र्याची एक हिरवी पेटी टांगलेली आहे. तिच्यावर उर्दूत ‘मुकद्दस औराक’ असं लिहिलंय. कुरआनचं फाटकं पान, बिस्मिल्लाह छापलेली लग्नपत्रिका, उर्दू वर्तमानपत्राचा तुकडा पायदळी जाऊ नये म्हणून लोक त्यात टाकतात. पेटी भरली की ते कागद अदबीने पुरतात किंवा वाहत्या पाण्यात ‘ठंडे’ करतात. लहानपणापासून मी हे पाहत आलोय. या पेटीचा इतिहासाशी काही संबंध असेल, असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. शाळेत शिक्षक कमी, म्हणून इतिहासाचे तासही माझ्याकडे येतात. ‘इतिहासाची साधने’ हा धडा शिकवताना मुलं कंटाळलेली दिसली. मग मी वर्गातल्या टीव्हीवर केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयाचं संकेतस्थळ उघडलं. तिथल्या विशेष संग्रहातलं एक जुनं पान दाखवलं. मोठ्या अक्षरांत गिरवायला दिलेली मुळाक्षरं, शेजारी रंगवलेली नक्षी. एक मुलगा म्हणाला, “सर, ये तो बच्चों का कायदा है.” बरोबर होतं. पण ती अक्षरं अलिफ-बे नव्हती, हिब्रू होती. आणि ते पान आलं होतं मुसलमानांनी वसवलेल्या एका शहरातून.

ते शहर म्हणजे फुस्तात. हजरत अम्र इब्नुल आस यांनी इजिप्त जिंकल्यावर ६४१च्या सुमारास ते वसवलं. फातिमी खलिफांनी ९६९मध्ये शेजारीच काहिरा, म्हणजे आजचं कैरो, उभारलं. खलिफा आणि त्यांचा दरबार काहिऱ्यात गेला, तरी बाजार, कारागीर आणि सामान्य माणसांची वस्ती फुस्तातमध्येच राहिली. ११६८मध्ये क्रुसेडर चाल करून आले, तेव्हा शहर त्यांच्या हाती पडू नये म्हणून वजीर शावरने ते जाळण्याचा हुकूम दिला.

मग जळलेल्या शहरातला मुलांचा कायदा वाचला कसा? फुस्तातमध्ये बेन एझ्रा नावाचं ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे. देवाचं नाव असलेला कागद फेकायचा नाही, हा ज्यूंचाही रिवाज. असे कागद जमा करायच्या जागेला ते ‘गेनिझा’ म्हणतात. पुढे हे कागद कब्रस्तानात पुरायचे असतात. बेन एझ्रामध्ये मात्र जवळपास हजार वर्षं कागद नुसते साठत राहिले. त्यात धर्मग्रंथ होतेच, शिवाय पत्रं, हिशेब, लग्नाचे करार, रुखवताच्या याद्या, हकिमांचे नुस्खेही होते. १८९६मध्ये केंब्रिजचे अभ्यासक सॉलोमन शेख्टर तिथे पोचले आणि परवानगी घेऊन बराचसा साठा घेऊन आले. आज केंब्रिजमध्ये त्याचे सुमारे १,९३,००० तुकडे आहेत.

हिरव्या पेटीशी असलेलं साम्य मुलांना सांगावं लागलं नाही. मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, मतलब उनकी भी पेटी थी.”

खरी मजा पुढे होती. या कागदांवरची अक्षरं बहुतेक हिब्रू, पण पत्रांची आणि हिशेबांची भाषा पुष्कळदा अरबी. आपण मोबाइलवर उर्दू इंग्रजी अक्षरांत लिहितो ना, तसंच. फुस्तातचा ज्यू व्यापारी भागीदाराला माल पाठवतानाचं पत्र लिहितो आणि त्यात सहज ‘इन्शाअल्लाह’ येतं. मराठी बोलणाऱ्या मुसलमानाला ‘तुम्ही इतकं चांगलं मराठी कसं बोलता?’ असं आजही विचारलं जातं. मला तर शिक्षकांच्या प्रशिक्षणातही विचारलं गेलंय. भाषा कुठल्या एका धर्माची नसते, हे सांगायला यापुढे माझ्याकडे फुस्तातचा दाखला आहे.

आणखी एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. मध्ययुगीन इस्लामी राजवटींना दफ्तर सांभाळायची सवय नव्हती, असं मत अभ्यासकांत बराच काळ चालत आलं. गेनिझात मात्र फातिमी सरकारचे हुकूम आणि रयतेचे अर्ज सापडले. सरकारी हुकूम लांबलचक कागदावर, ओळींमध्ये भरपूर जागा सोडून लिहिलेले असत. काम संपलं की कागद कापून पुन्हा वापरात येई. कोणी त्या मोकळ्या जागेत, कोणी पाठीमागे हिब्रू मजकूर लिहिला आणि शेवटी तो गेनिझात आला. मरीना रुस्तो यांनी २०२०मध्ये आलेल्या ‘द लॉस्ट आर्काइव्ह’ या पुस्तकात याच तुकड्यांवरून त्या सरकारचा कारभार किती कागदोपत्री चालत होता, ते दाखवलं. मुस्लिम खलिफांच्या दफ्तराची साक्ष ज्यू शेजाऱ्यांच्या रद्दीने दिली.

आपला किनाराही या कागदांत आहे. अब्राहम बेन यिजू हा ज्यू व्यापारी बाराव्या शतकात मंगळूरला राहिला. तिथे त्याचा पितळी भांड्यांचा कारखाना होता. एडनचे मित्र त्याला भेट म्हणून लिहायचा कागद पाठवत. हिंदुस्थानच्या वाटेवर निघालेल्या दाऊदचं पत्रही या संग्रहात आहे. हा दाऊद म्हणजे थोर हकीम आणि धर्मपंडित मूसा इब्न मैमून यांचा धाकटा भाऊ. पुढे समुद्रात बुडून त्याचा मृत्यू झाला. माणूस बुडाला, पत्र राहिलं.

हे वाक्य वर्गात बोललो आणि मी थोडा वेळ गप्प झालो. आमच्या दादांचा इंतकाल झाला, तेव्हा मी बी.एड. करत होतो. त्यांच्या लोखंडी ट्रंकेत उर्दूतली पत्रं, मोडीतल्या पावत्या, कापडाच्या हिशेबाच्या वह्या होत्या. प्रत्येक वहीवर ७८६. घरातल्या मोठ्यांनी सगळं गोणीत भरलं आणि नदीवर नेऊन ठंडं केलं. गोणीचं एक टोक मीच धरलं होतं. त्यात बेअदबी नव्हती, अदबच होती. पण दादा कोणाशी व्यवहार करत, मोडी त्यांना कोणी शिकवली, त्यांच्या पावत्यांवर कोणत्या शेजाऱ्यांच्या सह्या होत्या, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. आज घराघरांत कागदांची चौकशी होते, जन्मदाखले शोधले जातात, तेव्हा ती गोणी हटकून आठवते.

कुरआनच्या पानांचा अदब करायलाच हवा, त्याबद्दल वाद नाही. पण पत्र, पावती, हिशेबाची वही, जुना निकाहनामा ठंडा करायची घाई कशाला? निदान मोबाइलवर एक फोटो तरी काढावा.

मुलांना घरचा अभ्यास एवढाच दिला, की घरातला सर्वांत जुना कागद शोधा, मोठ्यांना विचारून त्याचा फोटो आणा. सोमवारी सतरा फोटो आले. त्यातले तीन मोडीत आहेत. मला मोडी येत नाही. आता शिकायला घेतलीय.