यादीतले नाव

काही वर्षांपूर्वी मतदारयादीच्या कामासाठी आम्हा शिक्षकांना घरोघर पाठवले होते. एका मोहल्ल्यात दारात बसलेल्या खालाजानना नाव विचारले, तर म्हणाल्या, "लिख बेटा, सलीम की अम्मी." तीनदा विचारल्यावर लाजत उत्तर आले, "खैरुन्निसा."

यात हसण्यासारखे काही नाही. 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या याद्या तयार होत होत्या, तेव्हा लाखो स्त्रियांनी असेच सांगितले होते, अमक्याची बायको, तमक्याची मुलगी. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन अडून बसले, स्वतःचे नाव हवेच. बिहारात महिनाभर मुदत वाढवली, तिथे बऱ्याच जणींनी नावे दिली. राजस्थानात फारसा उपयोग झाला नाही. अखेर सुमारे 28 लाख स्त्रिया यादीबाहेर राहिल्या. त्यांत सर्व धर्मांच्या होत्या, हेही सांगायला हवे. 'बायका मतदानाला येत नाहीत' म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. मला स्वतःला सेन यांचा हट्ट योग्य वाटतो, पण त्याची किंमत त्या बायांनी मोजली.

त्याआधीच्या याद्या तर याहून तोकड्या. "1946 ला तुमच्याच लोकांनी पाकिस्तानला मत दिले," हा टोमणा आपल्यापैकी कुणी ऐकला नाही? मुंबई प्रांतातल्या मुसलमानांसाठी राखीव असलेल्या सगळ्या, म्हणजे 30 जागा मुस्लिम लीगने जिंकल्या, हे खरेच आहे. ते लपवण्यात अर्थ नाही. पण ते मतदार कोण? 1935 च्या कायद्याने मताचा हक्क जमीन, कर, शिक्षण अशा अटींवर दिला होता. लोकसंख्येच्या साधारण सातव्या हिश्शालाच तो मिळाला. पुष्कळ स्त्रियांना तर नवऱ्याच्या मिळकतीवरून मत मिळाले. बिनजमिनीचा मजूर, अनपढ विणकर, त्याची बीवी यांना कुणी विचारलेच नाही. त्यांचा कौल काय होता, हे त्या निकालावरून सांगता येत नाही.

आज हक्क सर्वांना आहे, अडते ते लिहिण्यात. उर्दूतले नाव देवनागरीत येताना दाखल्यावर एक, रेशनकार्डावर दुसरे आणि यादीत तिसरेच होते. मग केंद्रावर वाद होतो आणि माणूस पुढच्या वेळी घरीच बसतो.

खालाजानचे नाव मी नीट लिहून दिले होते. छापून आले 'खैरूनबी'. दुरुस्तीचा 8 नंबरचा फॉर्म भरून दिला. मतदानाला त्या आल्या की नाही, पाहता आले नाही. माझी ड्यूटी दुसऱ्या तालुक्यात होती.