‘पाटील’ या आडनावाची वाटचाल

हजेरीपटावर ‘पाटील’ हे आडनाव वाचले, तरी त्या मुलाची मातृभाषा मला सांगता येत नाही. वडगावपासून निपाणीपर्यंतच्या या पट्ट्यात मराठा, लिंगायत, जैन आणि मुसलमान अशा सर्वच घरांत ते आढळते. याचे कारण असे, की मुळात ते एक अधिकारपद होते. जुन्या संस्कृत लेखांतील ‘पट्टकिल’ म्हणजे गावचा मुख्य. त्या शब्दाचे मराठीत ‘पाटील’ झाले, गुजरातीत ‘पटेल’. कन्नड शिलालेखांत गावच्या मुख्यास ‘गावुंड’ म्हणत. ‘गौडा’ हे आडनाव त्यातून आले. सारा वसूल करणे व गावचा बंदोबस्त राखणे ही पाटलाची कामे. दप्तर कुलकर्ण्याकडे असे.

१९५६ साली हा भाग म्हैसूर राज्यात गेला. त्या राज्याच्या १९६१ च्या कायद्यान्वये १९६३ पासून वंशपरंपरागत ग्रामाधिकार संपुष्टात आले. वतन गेले, आडनाव मात्र राहिले. सीमाप्रश्नाच्या तापल्या दिवसांत माणसाची बाजू आडनावावरून ठरविण्याचा मोह अनेकांना होतो. श्रोतेहो, निदान या एका आडनावापुरता तरी इतिहास त्या मोहास आधार देत नाही.