सव्वा महिन्याचा उंबरठा

१/
“पूर्वीच्या बायका सकाळी बाळंत होत आणि दुपारी कामाला लागत.” हे वाक्य आपल्याकडे कौतुकाने सांगितले जाते. त्याच घरांत दुसरे वाक्यही ऐकू येते : “बाळंतिणीने सव्वा महिना उंबरठा ओलांडू नये.” दोन्ही वाक्ये एकाच समाजातली आहेत, मात्र ती एकाच बाईविषयीची नाहीत. या दोघींमधील अंतराचा इतिहास आजच्या धाग्यात पाहू.

२/
आधी परंपरा. बाळंतिणीला जपण्याचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. सुश्रुतसंहितेने सूतिकाकाळ सुमारे दीड महिन्याचा मानला. लोकव्यवहारात तो सव्वा महिना झाला. शेकशेगडी, ओवा-वावडिंगाची धुरी, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, बांधलेले कान, तेलाने अंग रगडून कढत पाण्याची न्हाणी, असा सारा सरंजाम या दिवसांसाठी असे.

३/
त्याला दुसरी बाजूही होती. पहिले दहा दिवस सोयर. बाळंतीण देवघरापासून आणि स्वयंपाकापासून दूर, पुष्कळदा घरातील सर्वांत अंधाऱ्या, कोंदट खोलीत. पाचवीला सटवाईची पूजा आणि रात्रभर जागता दिवा. विश्रांती आणि विटाळ यांची अशी गाठ पडली होती, की जपणूक कुठे संपते आणि बंधन कुठे सुरू होते हे सांगणे अवघड.

४/
पण हा सव्वा महिना पाळायला काही गोष्टी लागतात : एक वेगळी खोली, हाताशी आई किंवा सासू, आणि त्या काळात बाईच्या मजुरीवाचून चालणारे घर. ज्या घरी हे नव्हते, तिथे रूढी ठाऊक असूनही उंबरठा ओलांडावाच लागे. शेतमजूर बाई दुपारी कामाला जाई, कारण संध्याकाळची चूल त्या मजुरीवर पेटायची.

५/
विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत हा प्रश्न डोळ्यांआड करणे अशक्य झाले. १९२०च्या दशकात गिरणी कामगारांत सुमारे एक पंचमांश स्त्रिया होत्या. बहुतेक वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत. गैरहजेरीचा पगार नाही, आणि परत आल्यावर जागा मिळेलच याची खात्रीही नाही. ज्यांना जमे त्या बाळंतपणाला कोकणात किंवा घाटावर गावी जात. बाकीच्या चाळीतच राहत.

६/
ती चाळ कशी होती? मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांचा अहवाल १९२२ साली ‘लेबर गॅझेट’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी पाहिलेली एक खोली साधारण १५ फूट लांब आणि १२ फूट रुंद होती. तीत सहा कुटुंबे, सहा चुली आणि मुलाबाळांसह ३० माणसे. सहांपैकी तीन बायकांचे दिवस भरत आले होते. बाळंतपणासाठी आडोसा कुठे करणार, असे विचारल्यावर त्यांना सुमारे ३ फूट बाय ४ फुटांची जागा दाखवण्यात आली.

७/
कामावर परतलेल्या आईच्या बाळाचे काय होई? गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रियांच्या तान्ह्या मुलांपैकी ९८ टक्क्यांना अफू दिली जाते, असे याच अहवालात नोंदले आहे. आई दिवसभर यंत्रापाशी उभी. बाळ निजून राहावे म्हणून ती गोळी. आईच्या निष्ठुरपणाचा हा पुरावा समजणे अन्यायाचे होईल. बाळाला सांभाळणारे दुसरे कोणी नव्हते, हेच त्यातून दिसते.

८/
१९२१ साली मुंबईतील नोंदलेला बालमृत्युदर हजारी साडेसहाशेहून अधिक होता. हा आकडा जपून वाचावा लागतो. गावी झालेल्या जन्मांची नोंद मुंबईत होत नसे, पण परतल्यावर झालेल्या मृत्यूची होई. त्यामुळे प्रमाण फुगत असे. ही सूट देऊनही परिस्थिती भयावहच होती.

९/
दरम्यान जगात एक पाऊल पडले होते. १९१९ साली वॉशिंग्टन येथे पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. प्रसूतीनंतर सहा आठवडे कारखान्यात काम देऊ नये, असा करार तीत संमत झाला. भारतीय कामगारांचे प्रतिनिधी होते नारायण मल्हार जोशी. भारत सरकारने तो करार स्वीकारला नाही. जोशींनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूती लाभाचे विधेयक मांडले. १९२५ साली ते फेटाळले गेले.

१०/
मग हा प्रश्न मुंबईच्या विधिमंडळात आला. २८ जुलै १९२८ रोजी तेथील चर्चेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विधेयकाला पाठिंबा दिला. प्रसूतीच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे. म्हणून या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलावा, आणि बाईच्या श्रमाचा लाभ घेणाऱ्या मालकानेही आपला वाटा द्यावा, असा त्यांचा युक्तिवाद होता. कुटुंबाची खासगी बाब मानला गेलेला सव्वा महिना येथे सार्वजनिक जबाबदारी झाला.

११/
१९२९ साली मुंबई प्रसूती लाभ कायदा झाला. भारतातील अशा स्वरूपाचा हा पहिला प्रांतिक कायदा. प्रसूतीपूर्वी तीन आणि नंतर चार आठवड्यांपर्यंत रोज आठ आणे. त्या चार आठवड्यांत बाईला कारखान्यात कामावर घेण्यास बंदी. रजेवर असताना तिला काढून टाकण्यास मनाई. पुढच्याच वर्षी मध्य प्रांतानेही असा कायदा केला.

१२/
कायदा अपुरा होता. अट किमान सहा महिन्यांच्या नोकरीची, लाभ फक्त कारखान्यांपुरता, आणि चार आठवडे हे सुश्रुताच्या दीड महिन्याहूनही कमी. खर्च मालकांवर पडल्याने बायकांना कामावरच न ठेवण्याची पळवाटही निघाली. पुढील दशकांत गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण घटत गेले. कारणे अनेक होती, त्यांतले हे एक.

१३/
१९६१च्या केंद्रीय कायद्याने प्रसूतीनंतरचे सहा आठवडे कामासाठी निषिद्ध ठरवले. २०१७च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी भरपगारी रजा २६ आठवड्यांची झाली. पण ज्या बाईचे नाव कुठल्याही हजेरीपटावर नाही, तिच्यापर्यंत ही रजा पोहोचत नाही. ऊसतोडीला गेलेल्या जोडप्याने मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि कामाचा प्रत्येक खाडा त्या हिशेबात लागतो. कोपीतल्या बाळंतिणीला सव्वा महिना कोण देणार?

१४/
म्हणून “पूर्वीच्या बायका दुपारी कामाला लागत” हे वाक्य पुन्हा कानावर आले, की कौतुकाआधी एक प्रश्न विचारावा : तिला घरी थांबायचे असते, तर थांबता आले असते का? १९२९च्या कायद्याने काही बायकांना या प्रश्नाचे “हो” असे उत्तर प्रथमच कागदावर मिळवून दिले. रोज आठ आणे, चार आठवडे. रक्कम लहान होती. पण उंबरठ्याच्या आत राहणे हा बाईचा हक्क आहे, हे त्यामुळे मान्य झाले.